मीठ, मांजऱ्या आणि ३२.४ अंश : विदारणाच्या प्रयोगाचं अपडेट

फुटला एकदाचा! म-२ म्हणजे तो हिरवट मांजऱ्या (वायूची भोकं खनिजांनी भरलेला बेसाल्ट दगड), काल रात्री द्रावणात ठेवला तेव्हा अख्खा होता, कडेला एक बारीक चीर होती तेवढीच, आणि सकाळी झाकण काढलं तर एक कोपरा सुटून पडलेला, चाळणीखाली चुरा आणि झिओलाइटचे (भोकांत भरलेल्या खनिजाचे) पांढरे ठिपके होते तिथे नुसते खळगे. चहा गार झाला पण मी टबापाशीच बसून होते.

मार्चच्या शेवटापासून सगळं ठप्प होतं हे तुम्हाला माहितीच आहे. नवीन लोकांसाठी पटकन सांगते, दगड कसा फुटतो-सडतो म्हणजे विदारण, ते मी घरी करून बघतेय: सोडियम सल्फेटचं (नुसतं मीठ म्हणते ते हेच) संपृक्त द्रावण, त्यात दगड रात्रभर, मग जुन्या ओटीजीत (छोट्या ओव्हनमध्ये) ११० अंशाला वाळवायचा, थंड झाला की वजन, आणि पुन्हा तेच. खडीच्या साउंडनेस म्हणजे टिकाऊपणाच्या टेस्टची (भारतीय मानक आयएस २३८६ चा भाग ५) घरगुती आवृत्ती. त्यात पाच सायकल झाल्यावर वजनातली तूट १२ टक्क्यांच्या आत लागते. फ्रीझरचा नाद मी केव्हाच सोडलाय, कारण पाणी गोठताना ९ टक्के फुगतं हे खरं असलं तरी दगडातली छिद्रं साधारण ९१ टक्क्यांच्या वर भरलेली नसतील तर बर्फाला पसरायला जागा मिळते आणि दगडाला काही होत नाही, आणि ताज्या काळ्या पाषाणात (बेसाल्टात) मुळात छिद्रंच किती? शिवाय आपल्याकडे कुठे एवढी थंडी पडते. आपल्या हवेत यांत्रिक विदारण करायचं तर मीठच.

तर प्रॉब्लेम असा, की जानेवारीत हाच मांजऱ्या (म-१, त्याच दगडाचा भाऊ) मस्त ढासळत होता. आणि एप्रिल-मेमध्ये म-२ ढिम्म. तेच द्रावण, तीच चाळणी, तेवढेच तास. उलट वजन थोडं वाढायचं, म्हणजे मीठ आत जात होतं पण करत काहीच नव्हतं. आधी वाटलं द्रावण पातळ झालं, अजून मीठ टाकलं, खाली न विरघळलेला थर बसला तरी काही नाही. मग वाटलं ओटीजीचा थर्मोस्टॅट गेला. नवीन आणायच्या विचारात होते, बरं झालं नाही आणला, ती छोटी स्वस्तातली ओटीजी ११० वर लावली की १४० ला जाते, त्यापेक्षा माझी जुनी बरी.

क्लू मिळाला तो जानेवारीच्या नोंदींमध्ये. तेव्हा मी लिहून ठेवलं होतं की चुरा ओव्हनमध्ये पडत नाही, *टबात* पडतो. तेव्हा त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं, कारण आपल्या डोक्यात चित्र असं की वाळताना स्फटिक वाढतात आणि दगड फोडतात. थोडंफार होतंही तसं. पण सल्फेटची खरी मारामारी पुन्हा भिजवताना होते. ओव्हनमधून निघतं ते कोरडं, बिनपाण्याचं सल्फेट, थेनार्डाइट. ते ओलं झालं की भराभर विरघळतं, आणि गार पाण्यात एवढं सल्फेट मावतच नाही (२० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम २० ग्रॅम), मग ते दहा पाण्याचे रेणू सोबत घेऊन मिराबिलाइट म्हणून बाहेर पडतं, थेनार्डाइटच्या चौपट जागा घेऊन, तेही बारीक छिद्रात कोंडलेलं असताना. द्रावण जितकं अतिसंपृक्त तितका स्फटिकाचा भिंतीवर रेटा जास्त.

आणि हे सगळं कधी? तापमान ३२.४ अंशाच्या खाली असेल तेव्हाच. त्याच्या वर मिराबिलाइट टिकतच नाही. आमच्या पोटमाळ्यावरच्या खोलीत मेमध्ये रात्रीसुद्धा पारा ३४-३५. म्हणजे मीठ आत जायचं, वाळायचं, पुन्हा विरघळायचं, आणि बाहेर यायचं, दगडाला धक्काही न लावता. जानेवारीत टबाच्या तळाशी लांब काचेसारखे स्फटिक यायचे आणि बाहेर काढून ठेवले की दोन दिवसात पांढरी पावडर व्हायचे, ते मेमध्ये एकदाही दिसले नव्हते! फोटोंमध्ये आहे सगळं, फक्त पांढरी खरपुडी. आयएसच्या पद्धतीत द्रावण २७ अंशाला ठेवा म्हणतात ते उगाच नाही.

मग थर्मोकोलचा मासळीवाला डबा आणला आणि त्यात टब आणि भोवती गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, रात्री झोपायच्या आधी एकदा बदलायच्या. २४-२५ अंश आरामात राहतो. (बाटल्या फ्रीझरमध्ये बघून सासूबाई म्हणाल्या, "आता दगडांना गार पाणी पाजणार का?" हो, अगदी तेच.)

तर पहिल्या गार रात्री चीर आणि दुसऱ्या गार रात्री कोपरा. बाकीच्यांचं थोडक्यात. क-१, खाणीतला ताजा काळा पाषाण: शून्य, धार पण बोथट नाही. जांभा (रत्नागिरीहून आणलेला चिऱ्याचा तुकडा): कणकण गळतो पण तडकत नाही, बहुतेक त्याची भोकं एवढी मोठी आहेत की स्फटिकाला रेटायला भिंत जवळ सापडत नाही. गेरू तर साध्या पाण्यातच विरघळल्यासारखा बसला, त्याला प्रयोगातून काढून टाकलंय.

हा गेरूचा प्रकार आणि मांजऱ्या दोन्ही बघून माझं मत आता पक्कं होत चाललंय, की शाळेत शिकवतात तसं कायिक विदारण एका खणात आणि रासायनिक दुसऱ्या खणात असं काही नसतं. क-१ आणि म-२ दोन्ही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. मीठ एक, पाणी एक. फरक एवढाच की म-२ ला रसायनांनी आधीच पोखरून ठेवलंय, वायूची भोकं झिओलाइटने भरलेली, आणि अधल्यामधल्या काचेची (लाव्हा झटकन गार होऊन झालेली) आणि ऑलिव्हिन या खनिजाची चिकणमाती झालेली. भूशास्त्रज्ञ गोल्डिचने १९३८ मध्ये खनिजांचा जो क्रम मांडला त्यात ऑलिव्हिन सगळ्यात आधी सडतं, मग पायरॉक्सीन आणि कॅल्शियमवाला प्लॅजिओक्लेज, आणि क्वार्ट्झ सगळ्यात शेवटी. आपल्या बेसाल्टात हे आधी सडणारे भरपूर आणि क्वार्ट्झ जवळपास नाहीच, म्हणून तर शेवट काळ्या मातीत होतो. रस्ता रुंदीकरणात कापलेल्या टेकडीत जे गोटे दिसतात ना, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले, मध्ये कडक गाभा आणि बाहेर मुरूम, तिथेही आधी भेगांमधून पाणी शिरतं, कोपऱ्यावर ते दोन-तीन बाजूंनी खातं म्हणून कोपरे आधी जातात, लोखंडाचं भस्मीकरण होऊन तांबूस कडी पडतात, आणि मग पापुद्रे सुटतात. फोडणारा शेवटी येतो, घर आधीच पोखरलेलं असतं.

पण यातून एक नवीनच भानगड लक्षात आली. म-२ मध्ये फुगणारी चिकणमाती (स्मेक्टाइट, काळ्या मातीतली तीच) असेल तर तो कोपरा मिठाने सुटला की नुसत्या भिजण्या-वाळण्याने? तुलनेला साध्या पाण्यात भिजणारा जोडीदार दगड ठेवायलाच हवा. आणि लिहिता लिहिताच सुचलं, की बेसाल्टातलं स्मेक्टाइट पकडायला इथिलीन ग्लायकॉलमध्ये दगड भिजवतात, त्याने ती माती पाण्यापेक्षाही जास्त फुगते. ग्लायकॉल म्हणजे गाडीचं कूलंट! बाटलीवर इथिलीन ग्लायकॉल लिहिलेलं बघून घ्या, सगळ्यांत तेच नसतं. गोड लागतं आणि विषारी आहे, कुत्रा-मांजर-पोरं असतील तर झाकण घट्ट. म-३ (तिसरा मांजऱ्या) आता सल्फेटमध्ये जाणार नाही, कूलंटमध्ये जाईल, प्लॅन बदलला.

अजून एक राहिलंच. मध्ये सल्फेट संपलं म्हणून कापड रंगवायच्या डायवाल्या लाइनमधल्या एका सप्लायरकडून पोतं घेतलं, लॅबवाल्या बाटलीच्या मानाने फुकटच. त्या मिठाने २५ अंशालाही काम मंदच. शंका आली म्हणून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला तर दह्यासारखा पांढरा साका, म्हणजे साधं मीठ मिसळलेलं. रंगाईला दोन्ही चालतात त्यामुळे त्यांना काही फरक पडत नसेल, आपल्याला पडतो, कारण साधं मीठ सोबत असेल तर तो ३२.४ चा आकडा घसरत जातो, आणि द्रावण साध्या मिठानेही संपृक्त झालं तर पार १८ अंशापर्यंत. उपाय सोपा: कोमट पाण्यात विरघळवा, गाळा, फ्रीजमध्ये ठेवा, खाली पडणारे स्फटिक घ्या आणि वरचं पाणी फेका. फ्रीजमधून काढलेल्या त्या स्वच्छ लांब स्फटिकांचा ढीग बघून जे समाधान मिळालं ते वेगळंच. धुतल्यावर दगडात मीठ उरलंय का हे बघायला मी बेरियम क्लोराइड वापरत नाही (तेही विषारी), पाण्याच्या फिल्टरवाले वापरतात तो टीडीएस पेन वापरते, स्वस्त असून झकास चालतो.

आता साध्या मिठाचा विषय निघालाच आहे तर पद्मदुर्ग, मुरुडजवळचा समुद्रातला किल्ला. मुरुडला जो जाऊन येतो तो सांगतो की दगड झिजले पण मधला चुना तसाच, काय ते मजबूत बांधकाम. चुना चांगला आहेच, पण दगडाला जाळीदार खळगे पडलेत ते लाटांपेक्षा मिठाचं काम जास्त आहे असं मला वाटतं. साधं मीठ दहा पाणी घेत नाही, त्याचा खेळ दमटपणावर चालतो, हवा ७५ टक्के आर्द्रतेच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक. किनाऱ्यावर तो आकडा दिवसभरात वर-खाली होतच राहतो. म्हणजे याला टब नकोच, ओव्हन पण नको. म-१ चे उरलेले तुकडे आणि एक जांभा मिठागरातल्या खडेमिठाच्या पाण्यात भिजवून डब्यात टांगते, खाली एकदा ओला स्पंज आणि एकदा सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), आत हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायला).

मुरुड, हर्णै, मालवण या बाजूला कुणी राहत असेल आणि घरी आर्द्रता नोंदवणारा लॉगर असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे तासातासाचे आकडे मला हवेत. ७५ ची रेघ दिवसातून किती वेळा ओलांडली जाते तेवढं कळलं की डब्यातली सायकल त्या हिशोबाने लावेन.