नायिकेला भुईकाट्यावर बसवताना

मराठी कथेत प्रेमाची वेळ आली की पाऊस हमखास येतो. पावसाचे दिवस नसतील तर मोगरा येतो, मोगऱ्याचाही हंगाम नसेल तर गच्चीवरचे चांदणे तरी येतेच, आणि त्या चांदण्यात नायिकेचे डोळे टपोरे निघतात. ओळखीतली लिहिणारी मंडळी आपल्या कथा छापायला देण्याआधी माझ्याकडे वाचायला पाठवतात. त्या कथांतले गावचे राजकारण खरे वाटते, भावाभावांतली वाटणी खरी वाटते, पतसंस्थेच्या थकलेल्या हप्त्याची धास्ती तर वाचणाऱ्यालाही लागते; पण ज्या पानावर नायकाला कोणी आवडू लागते, त्या पानावर तीच कथा एकदम सैल पडते. ती त्याला फार आवडली, असे लेखक सांगतो आणि वाचकाने ते मुकाट्याने मान्य करून पुढे सरकायचे असते.

या दुखण्यावर जुन्या काव्यशास्त्राने फार पूर्वीच बोट ठेवले आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रसदोषांची जी यादी दिली आहे, तिची सुरुवातच भावाचे नाव घेऊन भाव सांगण्याच्या दोषापासून होते. त्याला प्रेम वाटले, तिला लाज वाटली, असे लिहिल्याने वाचकाला माहिती मिळते, बाकी काही वाटत नाही. याच परंपरेने विभावाचे, म्हणजे भाव जागवणाऱ्या कारणांचे, दोन भाग केले आहेत. ज्या व्यक्तीविषयी भाव जागतो ती व्यक्ती म्हणजे आलंबन, आणि तो भाव वाढवणारी भोवतालची सामग्री, म्हणजे चंद्र, उपवन, वसंतातला वारा, हे उद्दीपन. आपल्या कथांमधली अडचण या दोन संज्ञांत नेमकी मांडता येते: उद्दीपनाचा साठा भरपूर असतो आणि आलंबन रिकामे असते. पावसाला सगळी मेहनत करावी लागते, कारण जिच्यावर जीव जडायचा त्या मुलीला दिवसभरात काही कामच दिलेले नसते.

उलट उदाहरण पाहायचे तर ते आपल्याच मातीतले, त्याहूनही जुने आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे माहाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथांच्या संग्रहात, पाणपोईची एक गाथा आहे. वाटसरू ओंजळीने पाणी पितो आहे आणि त्याचे डोळे वर, पाणी घालणाऱ्या मुलीकडे लागलेले आहेत. पिणे लवकर उरकू नये म्हणून तो बोटे विरळ करतो आणि पाणी गळू देतो. तो जसजसा वेळ लावतो, तसतशी तीही आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करत जाते. गाथा एवढ्यात संपते. कोण किती देखणे आहे हे तीत सांगितलेले नाही. दोघांच्याही हातांना काम आहे, दोघेही ते सोडत नाहीत, फक्त लांबवतात, आणि समोरचाही लांबवतो आहे हे दोघांना कळलेले आहे. तिसऱ्या कोणी पाहिले तर त्याला केवळ पाणी पिणारा एक माणूस दिसेल. माझ्या मते आकर्षण लिहिण्याचे शास्त्र इथेच पूर्ण झाले होते. नंतरच्यांनी त्यात भर घातली ती मुख्यतः विशेषणांची.

सध्या हाती असलेल्या कथेत मी ही गाथा डोळ्यांसमोर ठेवली आहे. कथेतली मुलगी लासलगावच्या कांदा बाजारापासून जवळ एका खाजगी भुईकाट्यावर, म्हणजे मालासकट अख्खे वाहन तोलणाऱ्या काट्यावर, कामाला आहे. लिलावात भाव ठरला की ट्रॅक्टर काट्यावर येतो आणि भरलेले वजन होते. मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली केला जातो आणि रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांमधला फरक म्हणजे कांदा. या फरकात एक बारीकशी चोरवाट आहे. भरलेल्या वजनाच्या वेळी चालक ट्रॅक्टरवर बसून राहिला आणि रिकाम्या वजनाच्या वेळी खाली उतरला, तर त्याचे स्वतःचे साठ-पासष्ट किलो कांद्याच्या भावाने विकले जातात. क्विंटलला दोन हजारांचा भाव धरला तरी ते बाराशे-तेराशे रुपये होतात. म्हणून बटण दाबण्याआधी ही मुलगी दर वेळी खिडकीतून मान बाहेर काढते आणि चालक खाली उतरला आहे ना, हे पाहते. नायक पहिल्यांदा काट्यावर येतो तेव्हा तो बसूनच असतो, आणि ती त्याला म्हणते, “दादा, खाली उतरा आधी. तुमचं वजन कांद्यात नाही धरायचं.”

पुढच्या खेपेला तो सांगण्याआधीच उतरून खिडकीसमोर उभा राहतो. एवढेच. पण यामुळे तिची पंचाईत होते, कारण त्याच्याशी बोलण्याचे जे एक ठरलेले वाक्य होते ते त्याने काढून घेतले आहे. आता बोलायचे असेल तर तिला नवे काही शोधावे लागेल. ती विचारते, “चाळीत अजून किती आहे?” चाळ म्हणजे शेतावरची कांदा साठवण्याची जागा; हा प्रश्न काट्यावरची कोणीही व्यक्ती कोणाही शेतकऱ्याला विचारू शकते. वाचकाच्या मात्र लक्षात येते की या वाक्यात ‘दादा’ नाही. मराठी मुलीने परक्या माणसाला दादा म्हणणे हे कुंपणासारखे असते. ते तिने मोडलेले नाही, नुसते बांधायचे राहू दिले आहे. त्यानंतरच्या कोणत्याच भेटीत ती त्याला कशानेच हाक मारत नाही, आणि ही संबोधन चुकवण्याची कसरत मराठीत किती अवघड आहे हे ज्याने प्रत्यक्ष केले आहे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

तो उत्तर देतो, “दोन-तीन खेपा निघतील.” खरे तर चाळीत एका ट्रॉलीचा माल उरलेला आहे. मग तो ट्रॅक्टरऐवजी शेजाऱ्याची पिकअप आणतो आणि एका खेपेचा कांदा दोनदा करून आणतो. डिझेल वाया जाते, वडील ओरडतात. पाणपोईवरची विरळ बोटे ती हीच.

तिच्या बाजूने धार कशी बारीक करावी, यावर मात्र मला अधिक विचार करावा लागला. ती वजनात एका किलोचीही सवलत देणार नाही. एका वाचक मैत्रिणीने सुचवले होते की त्याच्या एका खेपेला तिने डोळेझाक करावी, म्हणजे तिचे प्रेम दिसेल. मला ते अजिबात पटले नाही. तसे केले तर ती त्या क्षणी माणूस राहत नाही, नायकाला मिळालेले बक्षीस होते. ज्या कामात ती चोख आहे त्या कामातला चोखपणा हेच तर त्याने तिच्यात पाहिलेले आहे. म्हणून वजन होते तेवढेच राहते. फक्त छापलेली पावती त्याच्या हातात देण्याआधी ती पुन्हा एकदा वाचून पाहते, जे ती इतर कोणाच्या बाबतीत करत नाही.

पावतीवरून आणखी एक गोष्ट निघते. महाराष्ट्रात दोन माणसे एकमेकांना आवडू लागली की त्यांच्या आधी त्यांची आडनावे एकमेकांना भेटतात, आणि ज्या कथा हे टाळतात त्या मला हवेत तरंगणाऱ्या वाटतात. इथे पावतीसाठी शेतकऱ्याचे पूर्ण नाव संगणकात भरावे लागते. म्हणजे पहिल्याच दिवशी, चेहरा नीट पाहण्याआधी, तिला त्याचे आडनाव माहीत आहे आणि त्यावरून जे काही समजायचे ते ती समजून चुकली आहे. त्याला मात्र तिचे नाव कथेच्या अर्ध्यापर्यंत ठाऊक नाही. तो बिनधास्त आहे आणि ती सावध आहे, याचे कारण दोघांच्या स्वभावात शोधण्याची गरज नाही. तिच्यासमोरच्या पडद्यावर जे आहे ते त्याच्यासमोर नाही.

सावधपणाला दुसरेही कारण आहे. बाजारात काम करणाऱ्या मुलीच्या मागे कोणी आहे अशी नुसती कुजबुज झाली, तरी घरचे तिचे काम बंद करतात. त्याचे ट्रॅक्टर चालवणे कोणी बंद करत नाही. मुलीच्या मागे लागणे, तिने नकार दिल्यावर आणखी चिवटपणे लागणे, हे आपल्या पडद्यावरच्या आणि पुस्तकांतल्या प्रेमाने वर्षानुवर्षे पुरुषार्थ म्हणून खपवले. माझा नायक तसे करत नाही, आणि तो सद्गुणांचा पुतळा आहे म्हणून नव्हे. दोन बहिणींच्या घरात वाढल्यामुळे कुजबुजीची किंमत कोण मोजते हे त्याला ठाऊक आहे. तो खिडकीसमोर उभा राहतो, पण हमालांना, मापाऱ्यांना, सगळ्यांना दिसेल असा. आडोशाला उभा राहिला असता तर बातमी झाली असती.

शरीराचे काय, हा प्रश्न राहतोच. आपल्याकडे यावर दोनच उपाय चालतात: एक तर पडदा पाडून फुले दाखवायची, नाही तर धीटपणा सिद्ध करायचा म्हणून सगळे अवयव नावानिशी मोजायचे. ‘नाट्यशास्त्र’कार भरताने सांगितलेले आठ सात्त्विक भाव, म्हणजे स्तंभ (खिळून राहणे), स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू (कंप), वैवर्ण्य (रंग उडणे), अश्रू आणि प्रलय (भान हरपणे), हे सगळे मनाची अवस्था शरीरावर उमटल्याच्या खुणा आहेत, आणि म्हणूनच ते जपून खर्च करायला हवेत. पहिल्या नजरानजरेलाच रोमांच उभे केले, तर पुढच्या प्रसंगासाठी काही शिल्लक राहत नाही. इच्छा कुणाची आहे आणि ती व्यक्ती स्वतःला किती पाहू देते, यावर मी लक्ष ठेवते. पावत्यांचे गठ्ठे बांधायला ती मनगटात रबरबँड अडकवून ठेवते. पावती देताना तिचा हात खिडकीबाहेर येतो तेवढाच त्याला दिसतो. एके दिवशी रबरबँड संपलेले असतात आणि मनगटावर त्यांचा नुसता वळ असतो. तो त्या वळाकडे गरजेपेक्षा क्षणभर जास्त पाहतो, तिला ते कळते, आणि ती हात लगेच आत घेत नाही. शरीराविषयी या कथेत मी एवढेच लिहिले आहे, आणि ते कमी आहे असे मला वाटत नाही. दुसऱ्या कथेत, ज्यांचे लग्न होऊन वीस वर्षे झाली आहेत अशा जोडप्याविषयी, मी बरेच जास्त लिहीन.

कथेला काळ कोणता द्यावा, याचे उत्तर कांद्यानेच दिले. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि त्याच्या निषेधार्थ नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद पडले. मम्मटाने विप्रलंभाची, म्हणजे वियोगातल्या शृंगाराची, अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास आणि शाप अशी पाच कारणे सांगितली आहेत. सरकारी अधिसूचना त्यांत नाही, पण शापाच्या जवळपास ती बसावी. लिलाव नाही म्हणजे कांदा नाही, कांदा नाही म्हणजे काट्यावर जायला निमित्त नाही. चाळीत शिल्लक असलेला माल खरोखरच सडू लागतो, आणि नायकाला वाईट कशाचे अधिक वाटते आहे हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. ही सरमिसळ मला फार आवडते. प्रेमात पडलेल्या माणसाच्या बाकीच्या काळज्या संपतात, असे मी तरी कुठे पाहिलेले नाही.

त्याच आठवड्यांत तिचे स्वतःचे काही चालू आहे. तलाठी भरतीची ऑनलाइन परीक्षा १७ ऑगस्टपासून सुरू झाली होती आणि ती १४ सप्टेंबरपर्यंत चालली. काट्यावर दोन ट्रॅक्टरांच्या मधल्या वेळेत ती प्रश्नसंच सोडवते. एका उमेदवाराला एकाच जिल्ह्यासाठी अर्ज करता येत होता आणि तिने तो रायगडसाठी केला आहे. म्हणजे तिला जे हवे आहे ते मिळाले, तर ती या बाजारातून कायमची जाणार, आणि हा अर्ज तिने नायक पहिल्यांदा काट्यावर येण्याआधीच भरलेला आहे. त्याच्यासाठी ती तो मागे घेणार नाही, त्याविषयी पश्चात्तापही करणार नाही. तिचे पात्र मला उभे राहिलेले दिसले ते या अर्जामुळे; तोपर्यंत ती खिडकीतला एक हात होती. २१ ऑगस्टला सर्व्हरच्या बिघाडामुळे परीक्षेचे सकाळचे सत्र उशिरा सुरू झाले होते. मी तिला त्याच सत्रात बसवले आहे. केंद्राच्या फाटकाबाहेर ताटकळलेल्या गर्दीत ती उभी आहे, लिलाव बंद असल्यामुळे तो घरी मोकळा आहे, आणि इथे नायकाला मोटारसायकलवरून नाशिकला आणून सोडण्याचा मोह कोणत्याही लेखकाला होईल. मी तो आवरला, कारण आपले केंद्र कोणते हे तिने त्याला सांगितलेलेच नाही. त्या तासांत ती त्याचा विचार करते, पण तोही अर्धवट, कारण समोर उभी असलेली मुलगी भूमि अभिलेखांवरचे प्रश्न विचारते आहे.

ज्यांनी मसुदा वाचला त्यांनी पुढे काय झाले, लग्न होते का, असे विचारले. या परीक्षेचा निकाल जानेवारी २०२४ मध्ये लागला आणि माझी कथा सप्टेंबरातच, तो चाळीतला उरलासुरला कांदा घेऊन काट्यावर येतो तिथे संपते. त्यामुळे ती तलाठी झाली की नाही हे कथेतल्या कोणालाच माहीत असू शकत नाही. लग्नापर्यंत जायचे तर दुसरी कथा लागेल. दोन वेगवेगळ्या आडनावांची ही माणसे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायला गेली, तर त्यांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ३० दिवस लावली जाईल, आणि त्या ३० दिवसांत ती नोटीस कोण कोण वाचेल, याची यादी मी करायला घेतली आहे.