रान पेटवू

बेळगावच्या कोर्टाच्या आवारात गेली एकोणीस वर्षं मी मराठी-कन्नड भाषांतराचं काम करते. खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र. कधी जुना मोडी कागद आला तर आधी बाळबोध, मग कन्नड. या कामात चूक झाली तर एखादा बांध इकडचा तिकडे होतो. पण एखादा माणूस तुरुंगात जाणार की घरी, हे माझ्या एका शब्दापाशी येऊन थांबलं, असं एकदाच झालं.

खटला १ नोव्हेंबरच्या भाषणाचा होता. आमच्याकडे त्या तारखेला एकाच गावात दोन दिवस असतात. कन्नड लोकांचा राज्योत्सव, लाल-पिवळे झेंडे, ढोल. आणि आम्हा मराठी माणसांचा काळा दिन, दंडावर काळी फीत. १९५६ साली राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला गेला, तेव्हापासूनचं हे दुखणं. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला खरा, पण दावा दिल्लीत असला तरी भांडण इथंच असतं, बसच्या पाटीवर आणि दुकानाच्या बोर्डावर.

त्या दिवशी तालुक्यातल्या एका गावात सत्तरीच्या एका शेतकऱ्यानं अकरा मिनिटं भाषण केलं. मागणी नवी नव्हती. जिथं एखाद्या भाषेचे लोक पंधरा-वीस टक्के आहेत, तिथं सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्र सरकारनं भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ सालीच मान्य केलेलं आहे. ज्या कागदावर आमचा अंगठा घेता तो आम्हाला वाचता येऊ द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटी आवाज चढवून ते म्हणाले, "न्हाई ऐकलं तर सगळं रान पेटवू!" टाळ्या पडल्या.

चित्रीकरणावरून तयार केलेला कन्नड मजकूर आरोपपत्राला जोडला होता. त्यात हे वाक्य असं उतरलं होतं: "काडिगेल्ल बेंकि हच्चुत्तेवे." सगळ्या जंगलाला आग लावू. आणि त्यावर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम १५३-अ, भाषेच्या नावानं दोन समाजांत वैर पसरवल्याचा गुन्हा. तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

ज्यानं ते उतरवलं त्याच्या मनात काळंबेरं होतं असं मी म्हणणार नाही. शब्द सुटे सुटे घेतले तर रान म्हणजे जंगल, पेटवणं म्हणजे आग लावणं. पण आमच्याकडे "बाबा रानात गेल्यात" म्हणजे शेतात गेलेत. आणि रान पेटवणं म्हणजे माणसं जागी करणं, गावोगाव विषय पोचवणं. हे कानावर पडून पडून कळतं.

आरोपीच्या वकिलांनी मला पेन ड्राइव्ह आणून दिला. "ताई, तेवढ्या एका वाक्याचं नीट भाषांतर द्या. साक्षीला यावं लागेल." मी म्हटलं, एक वाक्य मी करत नाही, सगळं ऐकते. रात्री कानाला हेडफोन लावून बसले. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, आणि मग माईकवर दुसरा आवाज आला. तरुण, घसा बसलेला. "आज रातीला त्या टेलरच्या दुकानाची काच ऱ्हाऊ नये बघा!"

मी ते सहा-सात वेळा ऐकलं. पोलिसांच्या मजकुरात त्या जागी नुसतं "गोंधळ, घोषणा" असं होतं. आणि त्या रात्री ती काच फुटलेलीच होती. दुकानात शिवणकाम शिकणारा पोरगा सकाळी तुकडे गोळा करताना तळहात कापून बसला. त्या पोराची आई भाजी घेऊन आमच्या गल्लीत येते. त्याचे टाके मी पाहिलेत.

दुसऱ्या दिवशी वकिलांना सांगितलं. ते गप्प झाले, मग म्हणाले, "तो आपला आरोपी नाही. तेवढं सोडून द्या की." माझ्या मनातही क्षणभर तेच आलं होतं, खोटं कशाला सांगू. आपलं माणूस, आपली भाषा, समोर सरकार. पण मग मी त्या उतरवणाऱ्यापेक्षा वेगळी कशी? त्याला नको ते त्यानं घातलं, मला नको ते मी गाळणार. मी म्हटलं, दिलं तर पूर्ण देईन, नाहीतर फी परत. त्या तरुणाच्या वाक्यानंतर माईकवर म्हाताऱ्यांचा आवाज येतो, "ए, ए पोरा..." आणि पुढं नुसती किंचाळी, माईक ओढल्याची. वकील म्हणाले, "इथं ते त्याला अडवतायत, तसं लिहा." मलाही तसंच वाटत होतं. पण ऐकू येत नव्हतं. मी लिहिलं, "पुढील शब्द अस्पष्ट."

साक्षीच्या दिवशी बार रूममध्ये बसून वकिलांनी मला थोडा कायदा सांगितला. तो मला कामाचा वाटला, म्हणून इथं देते. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदानं बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं आणि त्यातच मर्यादाही लिहिल्या. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीत सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला चिथावणी ही कारणं आत आली, पण त्याच दुरुस्तीनं निर्बंध "वाजवी" असला पाहिजे हा शब्दही घातला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम रद्द करताना चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी चालतात, कायद्याचा हात तिसरीवर पडतो. मला मात्र सगळ्यात जवळचा वाटला तो नागपूर उच्च न्यायालयाचा स्वातंत्र्याआधीचा निकाल, न्यायमूर्ती विवियन बोस यांचा. बोलण्याचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसावरचा. प्रत्येक विरोधी मतात ज्याला धोक्याचा वास येतो अशा माणसावरून नव्हे. १९८८ मध्ये एका दूरदर्शन मालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तीच कसोटी उचलली.

दुपारी पुकारा झाला. न्यायाधीश दक्षिणेकडचे, मराठीचा गंध नाही, पण ऐकून घेणारे. सरतपासणी, म्हणजे आरोपीच्या वकिलांचे प्रश्न, पटकन उरकली. मग सरकारी वकील उठले. तेही इथलेच, मराठी उत्तम समजणारे.

"रान म्हणजे जंगल, हा अर्थ आहे की नाही?"

"आहे."

"पेटवणं म्हणजे आग लावणं?"

"तोही आहे."

"मग चूक काय?"

मी न्यायाधीशांकडे पाहून कन्नडमध्ये सांगितलं. साहेब, कन्नडमध्ये दुसऱ्याचं चांगलं न बघवणं याला "होट्टे उरि" म्हणतात. मी त्याचं मराठीत "पोटातली आग" केलं तर वाचणाऱ्याला वाटेल, बिचारा उपाशी आहे. दोन्ही शब्द बरोबर, अर्थ गेला. "रान पेटवू" चं कन्नड "नाडन्नेल्ल एब्बिसुत्तेवे" असं होईल. सगळा मुलूख उठवू. न्यायाधीशांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं आणि लिहून घेतलं.

पण सरकारी वकील तेवढ्यावर बसले नाहीत. बसायलाही नको होतं. त्यांनी माझ्या कागदाचं शेवटचं पान उघडलं. "आणि हे? इवत्तु रात्रि आ टेलर अंगडिय गाजु उळीबारदु. याचाही काही वेगळा अर्थ आहे का?"

कोर्टात मागे गावातली पंधरा-वीस माणसं बसली होती. त्यांच्या नजरा मला पाठीवर जाणवत होत्या.

मी म्हटलं, "नाही. याला दुसरा अर्थ नाही. कुणाचं दुकान, काय फोडायचं, कधी फोडायचं, तिन्ही यात आहे. ही म्हण नाही, काम सांगितलंय."

"हे आरोपीच्या भाषणामुळेच घडलं ना?"

"ते मी सांगू शकत नाही. आवाज वेगळा आहे, एवढं सांगते. आरोपी पुढं काहीतरी बोलले आहेत, ते ऐकू येत नाही."

"अंदाज?"

"अंदाजाचं भाषांतर होत नाही, सर."

आता पाच-सहा वर्षांनी मागे बघताना मला वाटतं, त्या अकरा-बारा मिनिटांच्या आवाजात सगळा प्रश्न होता. म्हाताऱ्यांनी सरकारला जाब विचारला, धमकावल्यासारखं बोलले, लोकांचं रक्त तापवलं. ते त्यांना करता आलं पाहिजे. एखाद्या कन्नड वक्त्यानं असंच भाषण आमच्या विरोधात केलं तर त्यालाही. मागे मराठी पाट्यांना डांबर फासण्याबद्दलचं एक कन्नड भाषण मी मराठीत केलं होतं. त्यातली शिवीगाळ वाचून हात थरथरत होता, तरी शिवीगाळ एका बाजूला आणि "उद्या दहा वाजता डबे घेऊन या" हे वाक्य दुसऱ्या बाजूला, असंच मी तेव्हाही पाहिलं. तरुणाच्या वाक्याला मी पाठीशी घालणार नाही. ते मराठीत होतं म्हणून तर मुळीच नाही.

निकाल लागायला पुढं आठ महिने गेले. म्हातारे सुटले. काच फोडायला सांगणाऱ्या त्या तरुणावर वेगळा गुन्हा नोंदला गेला, तो अजून चालू आहे. त्या संक्रांतीला दोन घरांतून मला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. एकीनं तर बाजारात तोंडावर विचारलं, "आपल्याच पोराला अडकवलंस?" मी तिला म्हटलं, कापलेला हातही आपल्याच पोराचा आहे. तिला ते पटलं नाही.

साक्ष संपवून मी व्हरांड्यात आले तेव्हा म्हातारे भिंतीला टेकून उभे होते. टोपी हातात. कन्नड कानाला थोडं समजायचं, वाचायला अजिबात नाही. ज्या भाषेत आपल्यावर आरोप आहे, ते स्वतः वाचता येत नाही अशा अवस्थेत ते दर तारखेला एसटीनं येत होते.

"बाई, आत काय लिवलंय मी बोललो म्हनून? जरा वाचून दावा की."

बाकावर बसलो. मी माझी प्रत काढली आणि एकेक ओळ आधी कन्नड, मग मराठी अशी वाचत गेले. अंगठ्याची गोष्ट, वीजबिलाची गोष्ट. ते मान हलवत होते. शेवटचं वाक्य आलं तसं त्यांनी मला थांबवलं.

"ह्यात रान कुठं हाय?"

मी "नाडु" या शब्दावर बोट ठेवलं. शेजारी पोलिसांची प्रत होती, तिच्यातला "काडु" दाखवला. म्हणाले, "दोनी सारखीच दिसत्यात की." मी म्हटलं, पहिलंच अक्षर तेवढं वेगळं आहे. त्यांनी खिशातून चष्मा काढला, कागद उजेडाकडे धरला आणि ती दोन अक्षरं बराच वेळ बघत बसले.