ग्राम्फू ते काझा : जुन्या जिप्सीच्या पोटाखालून

हिमाचलात ग्राम्फूला एक फाटा रोहतांगकडे चढतो आणि दुसरा चंद्रा नदीच्या कडेकडेने बातलकडे निघतो. आम्ही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो तेव्हा डांबर इथेच संपत होतं. पुढे छत्रू, छोटा दरा, बातल, कुंझुम खिंड, लोसर आणि मग काझा. गाडी पुण्याची, मारुतीची जिप्सी किंग, १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं) इंजिन, कागदावर ८० बीएचपी. वीस वर्षांची गाडी पुण्याहून सुमारे २००० किलोमीटर चालवत इथवर आणली की लोक विचारतात, 'काय काय बसवलंय?' विंच, स्नॉर्कल, चार इंच लिफ्ट यातलं काहीच बसवलेलं नाही. बदलले ते सील, बेअरिंग, बुश, पाइप आणि एक टोपण. हा रस्ता नेमकं तेच तपासतो.

फाट्यावरच चाकांतली हवा २६ वरून १८ पीएसआयवर आणली. दगडगोट्यांवर यानेच निम्मा दणका कमी होतो. मात्र एवढ्या कमी हवेवर ३५-४० च्या वर वेग नको, टायरच्या भिंती तापतात. पुन्हा हवा भरायला बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर लागतोच. त्याची वायर थेट बॅटरीला लावा. सिगरेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज तेवढ्यात उडतो.

टायरचं गणितही इथेच सांगतो. कंपनीचं माप २०५/७० आर १५, म्हणजे व्यास ६६८ मिलिमीटर. आमच्याकडे २१५/७५ आहेत, व्यास सुमारे ७०४. पाच टक्के मोठे. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ने धावत असते. पुष्कळजण २३५/७५ घालतात. दिसायला भारी, पण व्यास जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढतो आणि तेवढाच पहिला गिअर लांबतो. सपाटीवर कळत नाही, कुंझुमच्या वळणावर कळतं. जिप्सीच्या ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीचा) हाय १.४०९ आणि लो २.२६८, म्हणजे लो टाकूनही जोर फक्त १.६ पट होतो. जोर आधीच मोजका, तो रबरावर उधळू नये.

छत्रूपर्यंत गोटे आणि खड्डे. इथे स्टिअरिंग हातात शांत राहतं की नाही, ते पुढच्या नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) अवलंबून असतं. जुन्या जिप्सीचा सगळ्यात कुप्रसिद्ध आजार म्हणजे हायवेवर ६५-७० च्या आसपास पुलाच्या जोडावर चाक आपटलं की स्टिअरिंग अख्खं थरथरायला लागतं आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते थांबत नाही. गॅरेजवाले बॅलन्सिंग करतात, मग अलाइनमेंट करतात, शेवटी स्टिअरिंग डॅम्पर नवा घालतात. डॅम्परने थरथर काही महिने झाकली जाते, जात नाही. मूळ बहुतेक वेळा नकल ज्यावर फिरते त्या किंगपिनच्या बेअरिंगमध्ये असतं.

ओळखायचं असं. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलून खाली घोडी लावा. चाक वर आणि खाली धरून हलवा, आणि दुसऱ्या माणसाला टायरमागे टॉर्च घेऊन बसवा. नकल अ‍ॅक्सलच्या गोळ्यावर हलताना दिसली तर किंगपिन गेलेत. नकल स्थिर आणि फक्त हब हलतोय, तर व्हील बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ दिसला तर टाय रॉड एंड. हे पाच मिनिटांचं काम न करता सुटे भाग बदलत सुटणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

किंगपिनचं काम एका बाजूला अर्धा दिवस खातं. कॅलिपर काढून तारेने पाट्याला (लीफ स्प्रिंगला) टांगा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. मग हब, स्पिंडल आणि सीव्ही जॉइंटसह शाफ्ट बाहेर. वरच्या आणि खालच्या किंगपिनला चार-चार बोल्ट असतात. त्यांच्या खाली कागदाएवढे पातळ शिम (चकत्या) निघतात. कुठल्या किंगपिनखाली किती शिम होते ते लिहून, वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. एकत्र झाले की पुन्हा शून्यापासून. जुन्या बेअरिंगचे बाहेरचे कप पितळी दांड्याने ठोकून काढायचे, लोखंडी छिन्नीने नाही; जागेवर एक ओरखडा उठला तरी नवा कप तिरका बसतो. कपावर समान अंतरावर छोटे खड्डे पडलेले दिसतील. चाक सरळ असताना रोलर त्याच त्या खड्ड्यात बसतात, म्हणून सरळ रस्त्यावर थरथर आणि वळणावर नाही.

नवं बेअरिंग ग्रीस दाबून भरून बसवलं की ताण मोजायचा. नकलचं बाहेरचं गोल सील न बसवता, टाय रॉड एंडच्या भोकात स्प्रिंगचा काटा अडकवून नकल ओढा. नकल हलायला सुरुवात होते तेव्हा काट्यावर १ ते १.८ किलो दिसलं पाहिजे. कमी असेल तर एक शिम काढा, जास्त असेल तर घाला. बॅगा तोलायचा डिजिटल काटाही चालतो. 'हाताला घट्ट लागतंय' हे माप नव्हे. सील बसवल्यावर सगळंच घट्ट लागतं.

नकल उघडी असतानाच अ‍ॅक्सलच्या आतलं ऑइल सील बदलून टाका. ते गेलं की डिफचं (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) ऑइल नकलमध्ये येतं, ग्रीस पातळ काळं होतं आणि टायरच्या आतल्या बाजूला ओघळ दिसतो. लोक मग बाहेरचं गोल सील बदलतात आणि महिन्याभरात ओघळ परत. पुण्यात नाना पेठेत ही सगळी सीलं मिळतात, पण एकाच नावाच्या दोन पाकिटांत ओठाच्या जाडीचा फरक निघतो. जुनं सील सोबत न्या, ओठ आणि आतली बारीक स्प्रिंग पडताळून घ्या.

छत्रूच्या पुढे नाले सुरू होतात. बर्फाचं पाणी दुपारनंतर चढतं, म्हणून ते सकाळी ओलांडायचे. पाण्याच्या खोलीची भीती सगळ्यांना असते, अ‍ॅक्सलची कोणालाच नसते. तासभर चाललेला डिफ तापलेला असतो. तो बर्फाच्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि जिथून वाट मिळेल तिथून पाणी ओढते. अ‍ॅक्सलवर त्यासाठी श्वास घ्यायला छोटी टोपी असते, ती जुन्या गाडीत चिखलाने बुजलेली असते. मग पाणी सीलच्या ओठातून आत जातं आणि ऑइलचं ताक होतं.

इलाज अगदी स्वस्त. टोपीच्या जागी नळी बसेल असं निपल लावा आणि पेट्रोलचा रबरी पाइप क्लिपने बसवा. साधा पाण्याचा पाइप ऑइलने फुगतो. पुढचा पाइप बॉनेटखाली फायरवॉलपर्यंत साधारण मीटरभर, मागचा बॉडीच्या आतून टेललॅम्पच्या उंचीपर्यंत दीड मीटर. अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबतो तेव्हा ताण येणार नाही एवढी ढील ठेवा आणि सायलेन्सरपासून लांब न्या. वरच्या टोकाला पेट्रोलचा छोटा फिल्टर खोचला की धूळ जात नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसलाही असाच श्वास असतो, तो लोक विसरतात.

नाल्यापाशी दहा मिनिटं थांबून गाडी निवू द्यायची, कोणीतरी काठी घेऊन चालत जाऊन तळ बघायचा. पाणी गुडघ्यापर्यंत असेल तर जायचं, मांडीला लागलं तर थांबायचं. फॅन पाण्यात शिरला की त्याची पाती रेडिएटरकडे वाकतात. ज्यांच्या हबला हाताने फिरवायचे लॉक आहेत त्यांनी ते आधीच कोरड्यावर लॉक करावेत. लो, दुसरा गिअर, एकसारखा अ‍ॅक्सिलरेटर, क्लचला पाय नाही. पलीकडे गेल्यावर चालत्या गाडीतच ब्रेक हलके दाबून धरले की मागचे ड्रम सुकतात.

बातलच्या ढाब्यावर डाळ कुकरमध्येच शिजते, आणि नेमकं तेच कारण रेडिएटरच्या टोपणाला लागू पडतं. कुंझुम ४५०० मीटरच्या वर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ८५ अंशांच्या आसपास उकळतं. इंजिनचा थर्मोस्टॅट ८२ ला उघडतो. म्हणजे टोपणाने दाब धरला नाही, तर इंजिन बिलकुल न बिघडता, रोजच्याच तापमानाला कूलंट उकळून बाहेर येईल. टोपणावर ०.९ छापलेलं असतं. तेवढा दाब टिकला तर उकळबिंदू ११० च्या वर राहतो. पुण्यात कधी न तापलेली गाडी वर येऊन वाफ सोडते तेव्हा माणसं वॉटर पंप खोलायला निघतात. आधी टोपण बघा, अर्थात गार इंजिनवर. खालचं रबर चिरलेलं किंवा कडक झालेलं असेल तर नवं घ्या. मधला छोटा व्हॉल्व्ह बोटाने ओढून सुटतोय ना बघा. तो अडकला की गाडी गार होताना वरचा पाइप आतून ओढला जाऊन चपटा होतो, ही त्याची खूण. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

चढावर जोर कमी पडतो, त्यात बिघाड काही नाही. इथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण ५७-५८ टक्के असतो, त्यामुळे ८० चे घोडे ४५-४६ वर येतात. एमपीएफआय पेट्रोल आपोआप कमी करतं, कार्बुरेटरवाल्या जुन्या जिप्सी मात्र काळा धूर सोडतात. एअर फिल्टर बातललाच झटकून घ्यावा. खिंडीत देवीच्या देवळाला गाडीसकट प्रदक्षिणा घालायची रीत आहे. आम्हीही घातली, लो मध्येच. लोसरचा उतार लो आणि दुसऱ्या गिअरवर, ब्रेक फक्त वळणापुरते. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर निघण्याआधी बदला, सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून.

लोसरच्या पुढे रस्ता रुंद होतो आणि बारीक लाटांचा होतो. खड्डा एकदाच मारतो, या लाटा तासन्‌तास मारतात, आणि त्यांचा मार थेट पाट्यांवर. पाट्यांच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट जाडीने करंगळीपेक्षा कमी असतो. पाटे एकमेकांवर न सरकण्याचं काम खरं तर पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचं. यू-बोल्ट ढिले झाले की सगळा भार सेंटर बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. मग अ‍ॅक्सल एका बाजूला मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते. चाक आणि मडगार्डमधलं अंतर दोन्ही बाजूंना बोटांनी मोजलं की लगेच कळतं.

म्हणून यू-बोल्ट एकदा काढले की नवेच घालावेत, आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. आम्ही प्रत्येक नटावरून बोल्टवर नेलपॉलिशची लाल रेघ ओढून ठेवली होती. मुक्कामाला टॉर्च मारला, रेघ तुटलेली दिसली, की तोच नट आवळायचा. काझ्यात मागच्या डाव्या यू-बोल्टच्या दोन रेघा तुटलेल्या होत्या. बोल्ट तुटलाच तर चॅसिसखाली जॅक आणि घोडी, यू-बोल्ट सोडून पाट्यांचा गठ्ठा सी-क्लॅम्पने आवळायचा, नवा सेंटर बोल्ट घालायचा आणि त्याचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात नीट बसलंय याची खात्री करूनच वर आवळायचं. दोन सेंटर बोल्ट आणि सी-क्लॅम्प यांचं वजन किलोभर होत नाही.

उंची वाढवायला लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी कडी) टाकायचा मोह होतो. पुढे लांब शॅकल टाकला की अ‍ॅक्सल पुढे कलतो, कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं. मग पाचर घालून तो दुरुस्त करा, मग प्रॉपेलर शाफ्टचा कोन बघा. सामानाच्या वजनासाठी मागे एक जादा पाटा आणि सगळ्या बुश नव्या, एवढ्यावर आमचं भागलं.

रांगरीकपाशी अंधार पडला. जुन्या वायरिंगमध्ये हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून फिरून येतो. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असताना बल्बच्या पिनेवर ११.९ मिळत होते. व्होल्ट १४ टक्के कमी, पण उजेड जवळपास ४० टक्के कमी पडतो. शंभर वॉटचा बल्ब घालणं हा उपाय नव्हे, त्याने होल्डर वितळतो. दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारे स्विच) लावा, एक अप्परला, एक डिपरला. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून अडीच स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला. ८७ वरून बल्बला. जुनी हेडलाइटची वायर ८६ ला, ८५ बॉडीला घासून स्वच्छ केलेल्या जागी. त्याआधी टेस्ट लॅम्पने बघून घ्या, कारण जुन्या सुझुकी गाड्यांत अप्पर-डिपरचा स्विच अर्थच्या बाजूलाही सापडतो. तसा असेल तर ८५ आणि ८६ ची जोडणी त्याप्रमाणे बदलावी लागते, आणि तिथे बॉडीला अर्थ देऊन चालत नाही.

काझ्याला सकाळी टाकी भरली. मनालीहून सुमारे २०० किलोमीटर येतात, ४० लिटरच्या टाकीत निम्म्याहून थोडं जास्त गेलं होतं. पंपाच्या बाजूला सपाट जागा बघून दोन्ही डिफचं वरचं बूच उघडलं. ऑइल बदलताना नेहमी आधी हेच बूच उघडायचं. ते गंजून अडकलेलं असेल आणि खालचं आधी काढलंत, तर डिफ रिकामा आणि भरायला वाट नाही. आत करंगळी घालून बघितली. ऑइल काठापर्यंत, मधासारखं, पाण्याचा पांढुरकेपणा नाही. बूच लावलं, त्याच्यावर नेलपॉलिशची नवी रेघ ओढली आणि ताबोकडे निघालो.