भांडणानंतरची भेट

रविवार, रात्री

माणूस बदलतो आणि गोष्ट मात्र तीच राहते, ही तक्रार गेल्या काही वर्षांत मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे की ती नशिबावर ढकलून मोकळे होणे मला पटत नाही. माझ्या एका जिवलग मैत्रिणीचा पहिला मित्र कॉलेजातला होता, दुसरा हिंजवडीला नोकरीत भेटला, तिसरे स्थळ तिच्या आत्याने सुचवले होते. तिघांचे स्वभाव वेगळे, घरे वेगळी, आणि तरीही काही महिन्यांनी तीच बोलणी सुरू झाली. ती म्हणायची, ‘तू काही सांगत का नाहीस?’ आणि तो म्हणायचा, ‘तू जरा मोकळं सोड ना मला.’

पुण्यातल्या माझ्या वयाच्या लोकांना यासाठी आता तयार शब्द मिळाले आहेत. ‘तो अव्हॉइडंट आहे’ म्हणजे जवळीक टाळणारा, ‘मी अँक्शस आहे’ म्हणजे दुराव्याने चिंतातुर होणारी, असे फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉटेलांत शेजारच्या टेबलावरून सहज कानावर पडते, आणि पत्रिकेत मंगळ निघावा तसे ते सांगितले जाते. मला हे शब्द टाकाऊ वाटत नाहीत. ते फार बारकाईने केलेल्या निरीक्षणांतून आले आहेत, आणि म्हणूनच ती निरीक्षणे नेमकी कशाची होती, हे विसरले जाते याचे मला वाईट वाटते.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी ‘अटॅचमेंट’ म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारे माणूस यांच्यातल्या बंधावरचा आपला पहिला खंड १९६९ साली प्रसिद्ध केला. लहान मूल आईला चिकटते ते दुधासाठी, ही तेव्हाची रूढ समजूत त्यांना मान्य नव्हती. भीती वाटली, दुखले-खुपले की ज्याच्याकडे धाव घ्यावी असे हक्काचे माणूस असणे ही मुलाची भुकेइतकीच मूळ गरज आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात कंपालाजवळच्या गावांमध्ये आणि पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे घरोघर जाऊन आई आणि मूल यांना तासन्‌तास पाहिले, आणि मग सुमारे वीस मिनिटांचा तो प्रसिद्ध प्रयोग बसवला: वर्ष-दीड वर्षाचे मूल, अनोळखी खोली, खेळणी, एक परकी बाई, आणि मध्येच बाहेर जाऊन थोड्या वेळाने परत येणारी आई. आई गेल्यावर कोण किती रडले यावरून त्यांनी निष्कर्ष काढले असतील असे आपल्याला वाटते, परंतु त्यांचे खरे लक्ष आई परत आल्यानंतरच्या क्षणांवर होते. काही मुले आईकडे धावत, कडेवर शांत होत आणि पुन्हा खेळायला लागत. काही मुले उचलून घेण्यासाठी हात पसरत आणि उचलले की लाथा झाडत. काही मुले आई आल्याचे जणू ठाऊकच नाही अशा थाटात खेळण्यांकडे पाहत राहत. पुढच्या संशोधनात मात्र असे आढळले की वरून इतक्या निर्विकार दिसणाऱ्या या मुलांच्याही हृदयाचे ठोके ताटातुटीच्या वेळी वाढलेले असतात.

हे वाचल्यापासून मी माणसांच्या दुराव्याकडे कमी आणि त्यानंतरच्या भेटीकडे अधिक पाहू लागले आहे. एकदा पुण्यातल्या हनुमान टेकडीवर मी आणि माझी तीच मैत्रीण बसलो होतो. दोन दिवस तिच्या मित्राचा मेसेज नव्हता आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. दर मिनिटाला ती स्क्रीनवर अंगठा फिरवून तो शेवटचा ऑनलाइन कधी होता ते पाहत होती. अखेर मेसेज आला, ‘सॉरी, रिलीजमध्ये अडकलो होतो. कशी आहेस?’ क्षणभर तिचा चेहरा उजळला, आणि दुसऱ्याच क्षणी तिने फोन दगडावर पालथा ठेवला. ‘आता कळू दे त्यालाही,’ ती म्हणाली. टेकडी उतरून गाडीपाशी आल्यावर तिने एकच शब्द पाठवला, ‘बरी.’ ज्याची दोन दिवस वाट पाहिली तो आला होता आणि त्याला जवळ घेणे तिला जमत नव्हते. याला कोणी नखरे म्हणेल, मी म्हणणार नाही. कडेवर घेतल्यावर लाथा झाडणारे ते मूल मला तिच्यात स्पष्ट दिसले.

माझा मावसभाऊ याच्या दुसऱ्या टोकाला आहे. कडाक्याचे भांडण झाले की तो एकटाच वेताळ टेकडीवर निघून जातो आणि परत आल्यावर काही घडलेच नाही अशा आवाजात विचारतो, ‘जेवायला कुठे जायचं?’ त्याची मैत्रीण त्याला दगड म्हणते. पण अशा दिवसांत तो रात्र रात्र झोपत नाही, हे माझ्या मावशीला ठाऊक आहे.

अशा दोन स्वभावांची माणसे एकमेकांच्या प्रेमात पडली की काय होते, याचा उलगडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिचा धीर सुटला की ती जाब विचारते. जाब विचारला की तो आत मिटतो. तो मिटला की तिचा धीर आणखी सुटतो. दोघेही आपापल्या परीने भीतीच आवरत असतात आणि प्रत्येकाचा उपाय हीच दुसऱ्याची भीती असते. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ साली प्रेमसंबंधांना ही मांडणी प्रथम लावून पाहिली, तेव्हा त्यांच्या पाहणीत निम्म्याहून थोडे अधिक लोक सुरक्षित गटात होते, म्हणजे कडेवर शांत होणाऱ्या मुलांसारखे, सुमारे पाव खेळण्यांकडे पाहत राहणाऱ्यांसारखे टाळणारे आणि उरलेले लाथा झाडणाऱ्यांसारखे चिंतातुर. १९९४ सालच्या एका अभ्यासात तर चिंतातुर स्त्री आणि टाळणारा पुरुष अशी जोडपी समाधानी नसूनही तीन वर्षांनंतर बरीचशी टिकून असल्याचे दिसले. मला यात आश्चर्य वाटत नाही. अपेक्षित तेच घडत राहिले की दुःखातही एक ओळखीचेपणा असतो, आणि त्या ओळखीलाच आपण ओढ समजतो.

आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात किंवा ॲपवरून ठरलेल्या पहिल्या दोन-चार भेटींत यातले काहीच दिसू शकत नाही, कारण तिथे गमावण्यासारखे अजून काही नसते. पगार, उंची, परदेशी जाण्याची तयारी, सगळे विचारून होते. रुसवा झाल्यावर हा माणूस परत कसा येतो, हे मात्र पहिला रुसवा होईपर्यंत कळत नाही.

सगळे खापर आईवर फोडण्याची रीतही मला मान्य नाही. बालपणीचा हा साचा मोठेपणी काही अंशीच टिकतो, असेच दीर्घ काळ चाललेले अभ्यास सांगतात. पुढची मैत्री, चांगला जोडीदार, समुपदेशन यांनी तो बदलतो. शिवाय आजचे संशोधक कप्पे न मानता चिंता आणि टाळणे यांचे कमी-अधिक प्रमाण मोजतात. माझा तोच मावसभाऊ जिवलग मित्राशी तासभर मन मोकळे करतो.

मैत्रीण सध्या कोथरूडच्या एका मुलाला भेटते आहे. तो ठरल्या वेळी येतो, उशीर होणार असेल तर कळवतो, आणि तिला वाटते की आपल्याला त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही, कारण छातीत धडधडत नाही. गेल्या आठवड्यात लग्नानंतर कुठे राहायचे यावरून दोघांचे वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःहून फोन केला आणि ‘कालचं अर्धवट राहिलं’ म्हणून तोच विषय पुन्हा काढला. ती मला म्हणाली, ‘मला काय बोलावं तेच सुचेना.’ ही शांतता म्हणजे प्रेम नसणे की प्रथमच मिळालेली निश्चिंती, ते तिला अजून ठरवता आलेले नाही आणि तिच्या वतीने मी ते ठरवणार नाही. दिवाळीपर्यंत नकार कळवायचा नाही, एवढे मात्र तिने आज घरी सांगितले आहे.