केवडा: सहाव्या पावसाळ्याची नोंद

रेवदंड्याजवळ आमची नारळ-पोफळीची वाडी आहे. शिंपण्याचं पाणी पाटांतून फिरत शेवटी खालच्या कोपऱ्यात मुरतं, त्यामुळे तिथे बारा महिने चिखल. नारळ तिथे धरला नाही, पोफळीही कुजल्या. केवड्याला मात्र अशीच जागा मानवते. मुळात खाडीकाठचं झाड. ओलही सोसतं आणि पाण्यातला खारटपणाही.

नव्याने लावणाऱ्यांसाठी माझी चूक आधी सांगते. 2016 साली मी हौसेने एक फुटवा आणून लावला आणि जिवापाड जपला. चौथ्या वर्षी त्याला अननसासारखं फळ धरलं आणि मी मटकन खालीच बसले. केवड्यात नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात, आणि घमघमणारं कणीस येतं ते फक्त नराला. नुसत्या पानांवरून दोघांतला फरक कळत नाही. म्हणून फुटवा घ्यायचा तो कणीस लागलेल्या झाडाचाच, तेही स्वतःच्या डोळ्यांनी कणीस पाहून.

आताचं झाड जुलै 2020 मधलं. हातभर फुटवा, तळाशी मुळांचे कोंब आलेला. खालची पानं काढून टाकली, वरची अर्ध्यावर छाटली. नाहीतर मूळ धरायच्या आधीच फुटवा सुकतो. दोन घमेली शेणखत घातलं, बाकी काही नाही. पहिलं वर्षभर ते जणू झोपलेलंच होतं. दुसऱ्या पावसाळ्यात बुंध्यातून बोटाएवढी जाड मुळं बाहेर पडली आणि तिरकी होत चिखलात उतरली. ती आडवी येतात म्हणून तोडू नका. मऊ जमिनीत झाड त्या टेकूंवरच उभं असतं.

2023 च्या श्रावणात पहिलं कणीस आलं. कणीस फांदीच्या शेंड्यालाच येतं, त्यामुळे ती फांदी तिथे थांबते आणि खालून नव्या फांद्या फुटतात. म्हणूनच 2024 मध्ये दोन मिळाली आणि यंदा चार.

कणीस काढायचं ते पहाटे, पुरतं उमलायच्या आत. पानाच्या दोन्ही कडांना काटे असतात आणि पाठीमागच्या शिरेवरही तिसरी रांग असते. तीच हात फाडते. मी जाड गोणपाट हाताला गुंडाळून कोयत्याने देठ कापते. बाहेरची हिरवी पानं सोलली की आत पिवळसर, मग साईच्या रंगाची पाती लागतात, अगदी गार आणि मऊ. त्यांच्या पोटात पांढरे तुरे असतात, आणि बोट लागलं की पीठ सांडावं तसा पराग सांडतो.

यंदाचं पहिलं कणीस हरितालिकेला वाहिलं. दुसऱ्याची पाती सासूबाईंनी लुगड्यांच्या पेटीत ठेवली, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून, कारण परागाचे डाग पडतात. तिसऱ्यातली चार पाती शेजारच्या मुलीच्या वेणीत गेली.

चौथ्याचं केवडाजल केलं. ओडिशातल्या गंजाम भागात तांब्याच्या डेगेत हीच कणसं उकळतात आणि वाफ भपक्यात, म्हणजे ती जिथे जमते त्या भांड्यात, गार करून अत्तर काढतात. माझ्याकडे नुसतं पातेलं. मधोमध विटेचा तुकडा, त्यावर वाटी, भोवती पाणी आणि चिरलेली पाती, वर उलटं झाकण आणि झाकणावर बर्फ. आच मंद ठेवली. पहिल्या वीस मिनिटांत वाटीत जमलेलं पाणी अप्रतिम होतं. त्यानंतरच्या पाण्याला शिजलेल्या पाल्याचा वास येऊ लागला, ते टाकून दिलं. शेवयांच्या खिरीत, भांडं उतरवल्यावर, अर्धा चमचा घातलं. सासूबाईंनी वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "अजून घाल."

बुंध्याशी आता तीन फुटवे आहेत, तिन्ही नर झाडाचेच. एक मी बांधाच्या पलीकडे लावणार आहे. उरलेले दोन पुढच्या जुलैत, पाऊस नीट लागला की, ज्यांना हवेत त्यांनी घेऊन जावेत. येताना गोणपाट आणा.