परसाकडचा मोकिची

अमळनेरला ज्येष्ठ नागरिकांसमोर ताकेशी किटानोंचा 2015चा जपानी विनोदपट दाखवायचा होता. निवृत्त, थकलेले याकुझा, म्हणजे जपानी टोळीबाज गुंड, पुन्हा टोळी जमवतात आणि म्हाताऱ्यांना लुबाडणाऱ्या तरुण भामट्यांच्या मागे लागतात. मराठी सबटायटल माझी.

यात खरी कसोटी टोपणनावांची. ‘वस्तऱ्याचा ताका’ सहज जमलं. हिदेच्या नावात पाच सुनांचा खिळा आहे. पाच सुन म्हणजे साधारण 15 सेंटिमीटर, आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला सहा इंची खिळा. मोकिचीवर मात्र आठवडा गेला. त्याच्या नावातला ‘हाबाकारी’ हा संडासासाठीचा जुना, लाजरा शब्द. ‘संडासवाला’ लिहिलं की लाज जाते आणि नुसती घाण उरते. आदल्या दिवशी चाचणीला बसलेले एक आजोबा म्हणाले, “परसाकडचा म्हना ना!” त्याहून नेमका शब्द कुठल्याच कोशात मिळाला नसता.

जपानीत क्रियापद शेवटी येतं, मराठीतही. म्हणून विनोदाची कळ वाक्याच्या शेवटीच ठेवता येते. इंग्रजी सबटायटलवरून मराठी करणारे हा फायदा हकनाक घालवतात. कळीची ओळ मी नेहमी वेगळी तोडतो, पात्राने तोंड उघडल्यावरच ती पडद्यावर येते. म्हाताऱ्या डोळ्यांसाठी ओळीत 32 अक्षरांच्या वर जात नाही. सपाट हॉलमध्ये पुढच्यांची डोकी आडवी येतात, म्हणून मजकूर तळापासून वर उचलतो.

त्या संध्याकाळी पहिल्या दहा मिनिटांतच लोक पात्रं बोलायच्या आधी हसू लागले. आयोजकांनी ऐनवेळी चित्रपटाची दुसरी फाइल आणली होती, सेकंदाला 23.976 फ्रेमची. माझी सबटायटल 25 फ्रेमवर बांधलेली. अशाने मजकूर दर मिनिटाला जवळजवळ अडीच सेकंद पुढे पळतो, दहाव्या मिनिटाला 25 सेकंद. लॅपटॉपवर बसलेला मुलगा मजकूर मागे सरकवण्याचं बटण दाबत सुटला होता. सरकवून हे सुटत नाही, फरक वाढतच जातो. सगळ्या वेळा 1.0427 ने ताणाव्या लागतात. ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्राममध्ये फ्रेमरेट बदलला, पहिला आणि शेवटचा संवाद जुळवून पाहिला, दोन मिनिटांत काम झालं. फाइल बदलली की कळवायचं, एवढं एकदा सांगून कुणाला पटत नाही.

पुन्हा पहिल्यापासून लावला. मोकिचीला टाळ्या मिळाल्या.

मग फोनचा प्रसंग आला. भामटा आपणच मुलगा असल्याचं भासवून टोळीच्या म्होरक्याकडे, र्‍यूझोकडे पैसे मागतो. जपानमध्ये या फसवणुकीला ‘मी-मी’ म्हणतात, कारण फोन करणारा नाव सांगतच नाही, म्हातारा घाबरून स्वतःच मुलाचं नाव घेतो. मी लिहिलं होतं, “बाबा, मी बोलतोय.” वेळ फ्रेमला फ्रेम जुळलेली.

कुणी हसलं नाही. पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “असाच फोन माले उना व्हता.”

पुढे र्‍यूझो पैशांऐवजी बोट कापून द्यायला निघतो, तिथे हॉल पुन्हा मोकळा झाला. पण ती ओळ घरी आल्यापासून उघडून बसलोय. “हॅलो, मी, मी” असं जपानीजवळचं ठेवलं असतं तर विनोद शाबूत राहिला असता. मी त्यात ‘बाबा’ घातलं, म्हणून तो फोन अमळनेरातला झाला. पुढचा खेळ चोपड्याला आहे. फाइलमध्ये सध्या दोन्ही ओळी आहेत.