देशी सुऱ्या आणि लेबलाखालचे लेबल

स्वयंपाकघरासाठी परवडणाऱ्या आणि भारतात बनलेल्या सुऱ्या विकत घेणे, या विषयावर लेख लिहिण्याची वेळ यावी इतके ते काम अवघड नाही. ती वेळ एका ऑनलाइन विक्री कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाने माझ्यावर आणली, आणि त्या विभागावरचा माझा राग अजून पुरता निवळलेला नसल्यामुळे या लेखाचा मोठा हिस्सा त्याच्याच वाट्याला जाणार आहे.

नाशिकला सातपूर भागात मी डबे देते. आमच्या मावशी आजही पाट मांडून विळीवरच बसतात आणि त्यांचा कांदा माझ्या सुरीपेक्षा बारीक चिरला जातो, हे मान्यच आहे; परंतु मदतीला नव्याने आलेल्या दोघी ओट्याशी उभ्या राहून काम करतात, त्यामुळे सुऱ्यांची गरज वाढली. अटी तीनच होत्या. एका सुरीची किंमत २५० रुपयांच्या आत असावी, कारण सुरी भाजीच्या देठांबरोबर कचऱ्यात जाण्याचा प्रकार कोणत्याही मोठ्या स्वयंपाकघराला चुकत नाही. तशीच सुरी पुन्हा हवी झाली तर मिळावी. आणि ती आपल्या देशात बनलेली असावी. माझे बहुतेक गिऱ्हाईक सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत यंत्रावर उभे राहणारे आहे. त्यांच्या डब्याची भाजी इथल्याच एखाद्या कारखान्यातल्या पात्याने चिरली जावी, असे मला वाटले तर त्यात विशेष काही नाही.

वेळ वाचावा म्हणून मी प्रथम ऑनलाइन मागणी नोंदवली. चार सुऱ्यांचा संच होता, वस्तूच्या माहितीत ‘मूळ देश : भारत’ असे स्पष्ट लिहिलेले होते आणि मी त्या ओळीचे छायाचित्र मोबाइलमध्ये जपून ठेवले होते. (हे छायाचित्र काढून ठेवण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, का, ते पुढे येईलच.) संच वेळेवर आला. सुऱ्या एका जाड पुठ्ठ्यावर पारदर्शक प्लास्टिकखाली बसवलेल्या होत्या आणि पुठ्ठ्याच्या मागे पांढरे स्टिकर होते. त्यावर ‘मार्केटेड बाय’ या शब्दांपुढे एका कंपनीचे नाव, खाली पत्ता आणि किंमत. बनवणाऱ्याचे नाव कुठेच नाही. स्टिकरचा खालचा कोपरा थोडा सुटलेला होता. तो नखाने उचलून हळूहळू सोलत गेले, तेव्हा खाली दुसरे, थोडे पिवळट पडलेले लेबल निघाले. त्यावर आयातदाराचे नाव होते, आयातीचा महिना होता, मूळ देश चीन असल्याची नोंद होती आणि छापील किंमत वरच्या स्टिकरवरच्या किमतीपेक्षा बरीच कमी होती.

प्लास्टिकचे वेष्टन मी फोडलेच नाही, दोन्ही लेबलांची छायाचित्रे घेतली आणि वस्तू परत करण्याची विनंती नोंदवली. येथून जे सुरू झाले त्याला मी काय नाव द्यावे हे मला अजून सुचलेले नाही. पहिल्या उत्तरात ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ असे होते आणि धारदार वस्तू परत घेता येत नाहीत असेही होते. मी लिहिले की माझी तक्रार धारेबद्दल नसून मूळ देशाबद्दल आहे. त्यावर वस्तूचे छायाचित्र मागण्यात आले, जे मी आधीच जोडले होते. पुन्हा पाठवले, तर लेबल अस्पष्ट आहे असे उत्तर आले. दिवसाउजेडी गच्चीवर जाऊन काढलेले छायाचित्र पाठवले, तर तक्रार ‘निवारण झाली’ असा संदेश येऊन ती बंद झाली. बंद झालेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही. नवी नोंदवावी लागते, नव्या तक्रारीला नवा क्रमांक मिळतो, आणि नव्या क्रमांकावर बोलणाऱ्या व्यक्तीला जुन्या क्रमांकातले काहीही दिसत नाही, किंवा दिसत नसल्याचे ती सांगते. दर वेळी पहिल्यापासून सगळे सांगायचे, दर वेळी पलीकडून दिलगिरी व्यक्त व्हायची, आणि इकडे कुकरच्या शिट्ट्या होत असताना मी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने पोळ्यांची कणीक मळत असायची.

मध्येच एकदा परतीची विनंती मंजूर झाली आणि वस्तू न्यायला एक मुलगा दारात आला. त्याने पाकीट पाहिले, हातातल्या यंत्रावर काही टिपले आणि म्हणाला, “ताई, यात ‘मूळ पॅकिंग जसेच्या तसे आहे का’ असे विचारते. स्टिकर निघालेलं आहे, हो म्हणता येत नाही.” ज्या स्टिकरखाली खोटेपणा झाकलेला होता, ते काढले म्हणून वस्तू परत जाऊ शकत नव्हती. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. उन्हातून आला होता, पाणी पिऊन गेला. विनंती मात्र ‘ग्राहकाने वस्तू दिली नाही’ या शेऱ्यासह रद्द झाली, आणि तो शेरा वाचल्यावर मी हे प्रकरण धसास लावायचे ठरवले.

नियम शोधून वाचले, ते थोडक्यात सांगते, कारण भांड्यांच्या दुकानापासून किराण्यापर्यंत सगळीकडे ते लागू आहेत. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे पाकीटबंद वस्तूवर उत्पादकाचे नाव-पत्ता हवा. पॅकिंग दुसऱ्याने केले असेल तर त्याचेही नाव हवे. वस्तू आयात केलेली असेल तर आयातदाराचे नाव आणि मूळ देश हवा. नुसते ‘मार्केटेड बाय’ पुरत नाही. छापील किंमत स्टिकर लावून वाढवता येत नाही. कमी करायची असेल तरच स्टिकर चालते आणि तेही मूळ किंमत झाकणार नाही अशा रीतीने. ऑनलाइन विक्रीसाठी ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० आहेत. त्यांत असे आहे की जाहिरातीत सांगितलेल्या गुणांप्रमाणे वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. आणि कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर द्यायचा असतो, ज्याने तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचे असते. हा संपर्क पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत सापडतो. मी त्या अधिकाऱ्याला वस्तूच्या माहितीतल्या त्या ओळीचे छायाचित्र, दोन्ही लेबले आणि नियमांचा उल्लेख असे एकच नीट पत्र मेलने पाठवले, आणि त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येते. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करते. पण ग्राहक सेवा विभागात इतका काळ मिळाली नव्हती अशी नम्रता त्यानंतर एकाएकी मिळू लागली. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली. वस्तू परत न्यायला कोणीही आले नाही. तडजोड झाली नसती तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची माझी तयारी होती. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही.

पैसे आल्याचा संदेश मी मावशींना मोठ्याने वाचून दाखवला, हे लपवण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्ष खरेदी भांडी बाजारात एका दुपारी उरकली. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी लोक तिथे लांबून येतात, पण आतल्या दुकानांत स्टीलच्या लहान वस्तूंचे ट्रे भरलेले असतात आणि सुऱ्या त्यांतच सुट्या पडलेल्या असतात. सुट्या सुरीवर उत्पादकाचे नाव नसले तर खोके मागावे. मी मागितले तेव्हा दुकानदार काकांनी माळ्यावरून खोके काढून दाखवले. त्यावर राजकोटच्या कारखान्याचा पूर्ण पत्ता छापलेला होता. दुसऱ्या एका जातीच्या खोक्यावर पत्ताच नव्हता, तेव्हा “हे कुठून येतं ते आम्हालाही विचारू नका ताई,” असे ते स्वतःच म्हणाले. मोठ्या कंपन्यांच्या नावावर विसंबू नये: परदेशी वाटणारे नाव भारतीय कंपनीचे असू शकते, आणि भारतीय नावाच्या पाकिटात आयात केलेली सुरीही निघू शकते. वाचायची ती ‘उत्पादक’ ही ओळ.

पर्समध्ये लहान लोहचुंबक ठेवावे. सुरीचे पोलाद उष्णता देऊन कडक करता यावे लागते, आणि असे स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटते. डबे-पातेल्यांचे उत्तम, ‘३०४’ या प्रतीचे स्टील सहसा चिकटत नाही, पण ते कडक होत नसल्यामुळे त्याच्या पात्याला धार धरत नाही. चुंबकाने देश कळत नाही, एवढे लक्षात ठेवावे. मग पाते डोळ्यासमोर आडवे धरून ते सरळ आहे का पाहावे, आणि मुठीच्या रिव्हेटांवरून (मूठ पात्याला जोडणाऱ्या खिळ्यांवरून) व मूठ-पात्याच्या सांध्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर तिथे पाणी आणि पिठाचे कण साचणार. लहान दातेरी सुरी ५०-६० रुपयांना मिळते आणि टोमॅटोला फार छान, पण बोथट झाल्यावर धारवाल्याकडे तिचे काही होत नाही. रोजच्या कांद्यासाठी मी सहा इंची, सरळ धारेच्या, रिव्हेटच्या मुठीच्या सुऱ्या घेतल्या. एक १८० रुपयांना पडली, आणि जास्त घेतल्यामुळे काकांनी वर एक साल काढणी दिली.

बुधवारी गंगेवरच्या (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो) बाजारात हाताने घडवलेल्या सुऱ्या आणि विळे घेऊन बसणारे लोहारही असतात. गाडीच्या जुन्या कमानपाट्यापासून बनवलेली सुरी त्यांच्याकडे मिळते आणि ती कुठे बनली हे विचारण्यासाठी लेबल लागत नाही. तिची धार स्टेनलेसपेक्षा सरस लागते. मात्र धुतल्यावर लगेच कोरडी पुसून तेलाचा हात लावावा लागतो, आणि कैरी-लिंबू चिरल्यास पाते काळे पडते. दोघीतिघींच्या हाताखालून जाणाऱ्या सुरीला हे जमत नाही, म्हणून मी ती एकच घेतली आणि ती लाल भोपळ्यासाठी राखून ठेवली आहे.

एक सांगायचे राहिले. नवी स्वस्त सुरी बहुधा अर्धवट धारेचीच येते, म्हणून ती वापरण्यापूर्वीच धारवाल्याकडे द्यावी, पण चाकावर पाणी सोडत राहायला सांगावे. कोरड्या चाकावर पाते तापून धारेवर निळसर झाक आली की तेवढ्या भागाचा कडकपणा गेला असे समजावे. पहिल्या सुरीला ती झाक आली तर बाकीच्या तिथेच मागे घ्याव्यात.